पाच वॉटचा व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायर घरी कसा बांधावा

इंदुरातील जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचे, रेडिओ अजून सापडतात, आणि त्याच घरांतल्या नातवंडांच्या हाती आता इलेक्ट्रिक गिटार असते. या दोन्ही गोष्टींचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. त्या काळच्या अनेक रेडिओंमध्ये स्पीकर चालवणारा ईएल ८४ हा व्हॉल्व्ह इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीने आपल्या एसी १५ आणि एसी ३० या नावाजलेल्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरांत वापरला. एक ईएल ८४ आणि गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारा एक ईसीसी ८३ एवढ्यावर घरात वाजवण्यास पुरेसा, सुमारे पाच वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर तयार होतो. पहिल्या प्रयत्नात याहून मोठे काही हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालू स्थितीतला रेडिओ मात्र यासाठी मोडू नये. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या रेडिओतून व्हॉल्व्ह काढताना नावाचे पहिले अक्षर पाहावे. ‘ई’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचा हीटर, म्हणजे त्याला तापवणारी आतली तार, ६.३ व्होल्टवर चालतो, तर ‘यू’ने सुरू होणाऱ्यांचे हीटर एकामागे एक जोडून थेट मेन्सवर चालवलेले असतात. अशा रेडिओच्या चॅसिसलाही, म्हणजे धातूच्या सांगाड्यालाही, मेन्सचा करंट असू शकतो, म्हणून नवशिक्याने त्याला हात लावू नये. नवे ईएल ८४ आणि ईसीसी ८३ आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात व ऑनलाइन मागवता येतात.

पुढे जाण्याआधी धोका नीट समजून घ्यावा. या मशीनमध्ये सुमारे २८० व्होल्टचा डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. यासाठी पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडावा. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यातून साधारण एका मिनिटात रिकामा होतो, आणि नंतर जोडलेले कंडेन्सरही त्याच वाटेने उतरतात. तरीही दर वेळी मीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. चालू मशीनमध्ये मोजताना मीटरची काळी तार क्लिपने चॅसिसला अडकवावी आणि दुसरा हात पाठीमागे ठेवावा. तीन पिनांच्या प्लगची अर्थ तार चॅसिसला स्वतंत्र बोल्टने घट्ट बांधावी, आणि घरातले अर्थिंग खरोखर आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे.

सामानापैकी रेझिस्टर, कंडेन्सर, पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) आणि डायोड इंदुरात जेल रोडवर चौकशी केल्यास मिळतात. फ्यूज होल्डर, स्विच आणि वायर महाराणी रोडवर. वेळ लागतो तो ट्रान्सफॉर्मरांना, कारण ते वाइंडिंगवाल्याकडून बनवून घ्यावे लागतात. मेन्स ट्रान्सफॉर्मरसाठी २३० व्होल्ट प्रायमरी, २००-०-२०० व्होल्ट ८० मिलीअँपिअर आणि ६.३ व्होल्ट २ अँपिअर असे लिहून द्यावे. ईएल ८४चा हीटर ०.७६ आणि ईसीसी ८३चा ०.३ अँपिअर घेतो, तेव्हा दोन अँपिअरमध्ये ट्रान्सफॉर्मर फार तापत नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरबाबत वाइंडिंगवाल्याशी जरा बसून बोलावे. त्याची प्रायमरी ५ किलोओहमची आणि सेकंडरी ८ ओहमची हवी, म्हणजे वेढ्यांचे प्रमाण २५ : १ येते. या ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहत असल्यामुळे त्याच्या पत्र्या नेहमीसारख्या उलटसुलट न भरता इंग्रजी ‘ई’ आकाराच्या सगळ्या एका बाजूला आणि ‘आय’ आकाराच्या सगळ्या दुसऱ्या बाजूला ठेवून मध्ये कागदाची फट सोडावी लागते. ती नसेल तर लोखंड डीसीनेच भरून जाते आणि खर्जाचे सूर फाटतात. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर तपासणे सोपे आहे. प्रायमरीला १२ व्होल्ट एसी दिल्यावर सेकंडरीवर अर्ध्या व्होल्टच्या किंचित खाली, सुमारे ०.४८ व्होल्ट, मिळाले पाहिजेत. हीच चाचणी उलटी करू नये, कारण सेकंडरीला ६.३ व्होल्ट दिले तर प्रायमरीवर दीडशेहून अधिक व्होल्ट तयार होतात.

चॅसिस अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा करावा. एका टोकाला मेन्स ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या टोकाला गिटारचा जॅक, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेन्स ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात बसवावा. सर्वांत आधी हीटरच्या तारा ओढाव्यात. दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन पत्र्याच्या कोपऱ्याला चिकटवून न्याव्यात, आणि प्रत्येक तारेपासून ग्राउंडला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावावा. व्हॉल्व्हच्या बेसच्या पिना खालून पाहताना रिकाम्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. ईएल ८४चा हीटर ४ आणि ५ वर असतो. ईसीसी ८३मध्ये मात्र ४ आणि ५ एकत्र जोडून दुसरी तार ९ वर द्यावी.

त्यानंतर पॉवर सप्लाय. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या २०० व्होल्टच्या प्रत्येक टोकाला दोन १एन४००७ डायोड एकामागे एक जोडावेत. त्यापुढे ४७ मायक्रोफॅरड, मग २२० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर आणि पुन्हा ४७ मायक्रोफॅरड. येथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरला वीज द्यावी. पुढे १ किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड, येथून ईएल ८४चा स्क्रीन (त्याची दुसरी ग्रिड) म्हणजे पिन ९. आणि शेवटी १० किलोओहम व २२ मायक्रोफॅरड, येथून ईसीसी ८३. हे सगळे कंडेन्सर ४५० व्होल्टचेच घ्यावेत. आमच्याकडे रामबागेत रात्री उशिरा मेन्स २४५ व्होल्टपर्यंत चढलेले मी मोजले आहे, आणि व्हॉल्व्ह तापून करंट ओढू लागेपर्यंत कंडेन्सरांवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब येतो.

सिग्नलचा मार्ग छोटा आहे. ईसीसी ८३च्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. सिग्नल ग्रिडला द्यायचा, कॅथोडपासून प्लेटकडे जाणारा प्रवाह ती ग्रिड आवरते, आणि वाढलेला सिग्नल प्लेटवरून घ्यायचा. जॅकवर ग्राउंडला १ मेगओहम, तेथून ६८ किलोओहममधून पहिल्या ट्रायोडच्या ग्रिडला, पिन २ ला. प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड. प्लेटवरून ०.०२२ मायक्रोफॅरडमधून १ मेगओहमच्या व्हॉल्यूम पॉटला, आणि पॉटच्या मधल्या टोकावरून दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडला, पिन ७ ला. दुसऱ्या ट्रायोडच्या रेझिस्टरांची मूल्ये तीच, फक्त कॅथोडचा कंडेन्सर लावू नये. त्यानंतर पुन्हा ०.०२२, ग्राउंडला ४७० किलोओहम आणि १.५ किलोओहममधून ईएल ८४चा पिन २. कॅथोड पिन ३ वर आहे. तेथे १५० ओहम २ वॉट आणि समांतर ४७ मायक्रोफॅरड. प्लेट म्हणजे पिन ७ आउटपुट ट्रान्सफॉर्मरला.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड, म्हणजे मेन्स आणि मशीन यांच्यामध्ये बल्ब घालणारा बोर्ड, वापरावा आणि त्यात ६० वॉटचा तारेचा बल्ब लावावा. एलईडी चालत नाही. व्हॉल्व्ह न बसवता स्विच दाबला की बल्ब क्षणभर चमकून विझल्यासारखा होतो. तो पूर्ण पेटून राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे, तेव्हा लगेच बंद करून शोधावे. सर्व ठीक असेल तर वीज बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्याचे मोजून मग व्हॉल्व्ह बसवावेत आणि स्पीकर जोडावा. स्पीकरशिवाय हा अ‍ॅम्प्लिफायर कधीही वाजवू नये, कारण तसे केल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारे व्होल्टेज त्याचे इन्सुलेशन फोडू शकते.

बल्ब काढल्यावर ईएल ८४च्या कॅथोडवर सुमारे ७ व्होल्ट मिळावेत. ७ भागिले १५० म्हणजे ४७ मिलीअँपिअर. त्यातला दहावा हिस्सा स्क्रीनचा म्हणून सोडला तर प्लेटचा करंट ४२ राहतो. प्लेट आणि कॅथोड यांच्यामध्ये २४० व्होल्ट असतील तर १० वॉट होतात आणि या व्हॉल्व्हची मर्यादा १२ वॉटची आहे. हिशेब १२च्या वर गेला तर १५०च्या जागी १८० ओहम लावावा.

आता हम, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण. अनेक जण या टप्प्यावर कंटाळून काम सोडतात, म्हणून इथे थोडे थांबतो. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झचा आहे. हीटरमधून येणारी गुणगुण ५० ची असते, तर डायोडपुढील सप्लायमधून किंवा चुकीच्या ग्राउंडमधून येणारी १०० ची. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झ असतो. तो सूर वाजवून घरघर त्याच्याशी जुळते की एक सप्तक खाली आहे, हे कानाने ऐकावे, म्हणजे दोष कोठे आहे हे निम्मे कळते. माझ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर तीन आठवडे हटत नव्हती आणि मी हीटरच्या तारा पुन्हा पुन्हा ओढत होतो. सहावी तार छेडल्यावर ती बरोबर त्या सुराशी मिळाली. पहिल्या कंडेन्सरचे ग्राउंड मी जॅकजवळच्या स्क्रूला जोडले होते. ते मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या २००-०-२०० मधल्या ‘०’ तारेपाशी नेल्यावर घरघर गेली.

फेरफार त्यानंतर करावेत, आणि एका वेळी एकच. आवाज खर्जात फार जाड वाटला तर पहिल्या कॅथोडवरचा २२ मायक्रोफॅरड काढून ०.६८ लावावा. सूर लवकर फाटत असेल तर सोल्डरिंगला हात न लावता ईसीसी ८३च्या जागी ईसीसी ८१ बसवून पाहावा. पिना त्याच आहेत, पण त्याचा वृद्धिगुणक (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १०० ऐवजी ६० आहे. अधिक स्वच्छ आवाज हवा असल्यास स्पीकरच्या ‘८ ओहम’ टोकापासून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला, पिन ८ ला, २२ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा आणि सेकंडरीचे दुसरे टोक ग्राउंडला द्यावे. तो जोडताच आवाज किंचित कमी झाला तर जोडणी बरोबर आहे. आवाज वाढला किंवा शिट्टी वाजू लागली, तर वीज बंद करून, मीटर शून्यावर आल्यावर, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल करावी.