जीभ कागद सोडते तिथे खूण करा

रेडिओसाठी पहिल्यांदा लिहिणाऱ्याला सगळे एकच सांगतात: बोलल्यासारखं लिहा. मग तो काय करतो? दर चार ओळींमागे एक 'बरं का मंडळी' घालतो, मध्येच 'आता पाहा ना' म्हणतो आणि बाकीची वाक्यं परिपत्रकातली असावीत तशीच ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खांद्यावर हात टाकून आपल्याला सरकारी नोटीस वाचून दाखवतंय.

मी आकाशवाणीसाठी बरीच वर्षं भाषणं, रूपकं म्हणजे एखाद्या विषयावरचे निवेदनाचे कार्यक्रम, आणि अधूनमधून श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं लिहितो. मासिकांतही लिहितो. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सांगतो की आधी सुचेल तसं लिहून काढा. मग ते पूर्ण आवाजात वाचा आणि वाचताना एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा: जीभ कागद सोडून कुठे जाते.

ती जातेच. स्वतःचं लिखाण आपण शब्दशः वाचत नाही. कागदावर 'करण्यात आली' असतं, तोंडून 'केली' येतं. 'त्याचप्रमाणे' लिहिलेलं असतं, आपण नुसतं 'आणि' म्हणून पुढे सरकतो. बहुतेकांना हे जाणवतच नाही. ज्यांना जाणवतं ते दचकून मागे येतात आणि लिहिलंय तसं 'नीट' वाचतात. तिथेच चांगली दुरुस्ती हातची जाते, कारण जिभेने परस्पर केलेला बदल दहापैकी आठ वेळा बरोबर असतो. लहानपणापासून ऐकलेल्या हजारो वाक्यांच्या सवयीतून तो आलेला असतो. आपण लिहायला शिकलो ते फार नंतर, तेही बरंचसं शाळेच्या निबंधातून आणि पुढे कार्यालयीन पत्रांतून.

एक उदाहरण घेऊ. विषय कोकणातला, आमसुलांचा. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ, त्याची वाळवलेली साल म्हणजे आमसूल. पहिल्या खर्ड्यात असं वाक्य सहज येतं: 'रातांब्याच्या फळाच्या बाहेरील सालीच्या वाळवणीच्या प्रक्रियेमध्ये मिठाचा वापर केला जातो.' व्याकरणाची चूक एकही नाही. डोळ्याने वाचलं तर निमूट पुढे जाल. मोठ्याने वाचा. तिसऱ्या 'च्या'पाशी आवाज सपाट होतो, चौथ्याला श्वास कमी पडतो, आणि 'प्रक्रियेमध्ये'पर्यंत पोचताना आपलं आपल्यालाच कळेनासं होतं की बोलतोय कशाबद्दल. हेच समोर बसलेल्या माणसाला सांगायचं असेल तर कुणीही म्हणेल, 'रातांब्याच्या साली मीठ लावून उन्हात वाळवतात.' शब्द दहाचे सहा झाले, आणि वाक्यात माणूस आला. साली कुणीतरी वाळवतं आहे, त्या आपोआप वाळत नाहीत. मग पुढचं वाक्यही सुचतं: 'वाळल्या की पुन्हा त्याच फळाच्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात टाकायच्या. अशी पुटं देत गेलं की साल काळपट होते.' पहिलं वाक्य तसंच राहिलं असतं तर दुसऱ्यात पुन्हा एक 'प्रक्रिया' आली असती, हे नक्की.

'च्या'ची माळ हा आपल्या गद्याचा सगळ्यात जुनाट आजार आहे. डोळ्याला तो दिसत नाही, कानाला पहिल्या झटक्यात कळतो. तसाच 'आहे'चा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सलग पाच वाक्यं 'आहे'वर संपली की दर वेळी एकच ठोका पडतो. वाचणारा तो खपवून घेतो, ऐकणारा चौथ्या ठोक्याला स्वयंपाकघरात निघून जातो. सगळे 'आहे' खोडायला मात्र जाऊ नका. 'घर जुनं, कौलारू, नदीकाठी' अशी तुटक वाक्यं एकामागून एक आली तर तीही सोंगं वाटतात. एखादं वाक्य प्रश्न करा, एखाद्यात दुसरं क्रियापद आणा, दोन वाक्यं जोडता येतात का पाहा. एवढ्याने ठोका मोडतो.

क्रियापद शेवटी येण्याचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. 'ज्या शेतकऱ्यांनी गेल्या हंगामात विमा उतरवला होता, पण ज्यांच्या नुकसानीचे पंचनामे मुदतीत झाले नाहीत आणि ज्यांनी नंतर तक्रारही केली, त्यांना...' इथपर्यंत ऐकणारा श्वास रोखून बसलेला असतो. त्यांना काय? पैसे मिळाले की नाही? छापील मजकुरात डोळा पुढे धावून शेवट पाहून येतो. कानाला तशी सोय नाही, वाक्य ज्या क्रमाने येईल त्याच क्रमाने घ्यावं लागतं. म्हणून मोठ्याने वाचताना जिथे वाक्य संपण्याआधी श्वास संपतो, तिथे वाक्य तोडायचं. निकाल आधी सांगा, अटी मागून सांगा: 'या शेतकऱ्यांना पैसे मिळाले नाहीत. विमा त्यांनी उतरवला होता...' आणि पुढचं सगळं सावकाश.

वाचायची पद्धत सोपी आहे, फक्त आळस करू नका. कागदावर छापून घ्या. पडद्यावर वाचलं की हात लगेच दुरुस्तीला धावतो आणि वाचन तुटतं. हातात पेन्सिल. श्वास संपला तिथे तिरकी रेघ, अडखळलात तिथे फुली, जिभेने शब्द बदलला तिथे गोल. एवढ्या तीन खुणा पुरतात. वाचताना दुरुस्ती करायची नाही. शेवटपर्यंत वाचून मगच बसायचं. सोबत फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, कारण गोल करायचे राहून गेलेले शब्द नंतर कागद समोर धरून ऐकताना सापडतात, आणि तेच सगळ्यात मोलाचे असतात.

आवाज पूर्ण हवा. पुटपुटून वाचलं तर श्वासाचा हिशेब लागत नाही. वसतिगृहात किंवा दोन खोल्यांच्या घरात याची लाज वाटते हे मला माहीत आहे. गच्चीवर जा, घरचे देवळात गेल्यावर वाचा. आपल्याकडे पोथी मोठ्याने वाचणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही, तुमच्याकडेही चार दिवसांनी बघणार नाहीत.

अभिनय करू नका. आपल्याकडे कथाकथनाची मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी आपापल्या कथा गावोगावी सांगितल्या. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी कवितेचे जाहीर कार्यक्रम केले. ते ऐकून मोठ्याने वाचणं म्हणजे रंगवून वाचणं असं नव्यांना वाटतं. पण या मंडळींचं लिखाण आधीच पक्कं होतं. आपण खर्डा तपासतोय. सराईत आवाज कच्चं वाक्यही तारून नेतो, आणि मग ते कच्चंच राहतं. बातम्या वाचतात तसं, किंबहुना त्याहूनही कोरडं वाचा.

याहून चांगली परीक्षा म्हणजे दुसऱ्याला वाचायला देणं. आधी न वाचता, थेट. तो अडखळला की समजावून सांगायला तोंड उघडू नका, आपल्या प्रतीवर फुली मारा. रेडिओत हे मुद्दाम करावं लागतं असंही नाही, कारण रूपकाची संहिता बऱ्याचदा निवेदकच वाचतात. लेखक तिथे शेजारी नसतो. अशा संहितेत गावांची आणि माणसांची नावं उच्चारासकट द्यावीत. आपले च, ज, झ दोन-दोन तऱ्हांनी उच्चारले जातात आणि कागदावर सारखेच दिसतात. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' हे निवेदकाला संदर्भावरून कळतील, पण गावाचं नाव कळणार नाही. त्याचा उच्चार पानाच्या समासात लिहून ठेवा.

काही शब्द कागदावर निरुपद्रवी आणि आवाजात निकामी असतात. 'वरील', 'खालील', 'उपरोक्त' हे तर उघडच. माझा खास राग 'अनुक्रमे'वर आहे. 'नाशिक, सातारा आणि लातूर येथे अनुक्रमे द्राक्षे, स्ट्रॉबेरी आणि सोयाबीन' हे ऐकणाऱ्याने तीन गावं लक्षात ठेवून मग तीन पिकं त्यांना जुळवत बसायचं का? सरळ नाशिकची द्राक्षं, साताऱ्याची स्ट्रॉबेरी, लातूरचं सोयाबीन म्हणा. कंस ऐकू येत नाही, अवतरणचिन्हही ऐकू येत नाही. 'इ.' आणि 'उदा.' वाचताना काय म्हणायचं ते लिहितानाच ठरवा.

आकड्यांचं तर विचारूच नका. १,४८,७६० हा आकडा कागदावर सुबक दिसतो. तोंडाने 'एक लाख अठ्ठेचाळीस हजार सातशे साठ' म्हणेपर्यंत सुरुवातीचा लाख कुठे गेला ते ऐकणाऱ्याला आठवत नाही. 'जवळपास दीड लाख' म्हणा. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असा साठा आपल्या भाषेत आयता आहे, तो लेखात फारसा दिसत नाही आणि बाजारात दिवसभर वापरला जातो. नेमका आकडा खरोखरच महत्त्वाचा असेल तर तो एकटा द्या, शेजारी दुसरा आकडा नको.

वेळेचंही इथेच कळतं. आकाशवाणीच्या करारपत्रावर भाषणाची मिनिटं दिलेली असतात. माझ्या वाचनात मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द जातात, म्हणजे दहा मिनिटांना हजारापासून साडेबाराशेपर्यंत. तुमचा वेग वेगळा असेल, घड्याळ लावून काढा. जोडाक्षरांनी भरलेलं पान आणि साध्या शब्दांचं पान शब्दसंख्येत सारखं असलं तरी वेळेत सारखं नसतं.

आता जिभेवर किती विश्वास ठेवायचा ते. विदर्भातला माणूस 'तो येत आहे' लिहितो आणि वाचताना 'तो येऊन राहिला' म्हणतो. मालवणी घरातल्याची जीभ आणखी कुठे जाईल. प्रत्येक गोल कागदावर उतरवायचाच असं नाही. श्रुतिकेतल्या पात्राच्या तोंडी असेल तर जरूर ठेवा, जिल्ह्याच्या केंद्रावरच्या भाषणातही पुष्कळदा शोभतं. राज्यभर जाणाऱ्या मजकुरात विचार करावा लागतो. 'केले' आणि 'केलं' यांचंही तसंच. जीभ 'केलं' म्हणते, हात 'केले' लिहितो आणि खर्ड्यात दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. दोन्ही रूपं चालतात, एका लेखात एकच ठेवा. रेडिओसाठी मी 'केलं' लिहितो.

छापायच्या लेखाला हा सगळा कायदा जसाच्या तसा लावू नका. वाचक मागे जाऊ शकतो, थांबू शकतो, म्हणून छापील वाक्य लांब असलं तरी चालतं. वाद घालणाऱ्या लेखाला तर कधीकधी ती लांबी लागते. तिथे मी श्वासाच्या रेघांकडे काणाडोळा करतो, फुल्या आणि गोल मात्र तितक्याच गंभीरपणे घेतो.

काही चुका कानाला सापडणारच नाहीत. 'वकिलाला' आणि 'वकीलाला' आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी सारखंच येतं, पण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे पहिलं बरोबर. ऱ्हस्व-दीर्घासाठी डोळ्याने वेगळं वाचन करा. तर्कातली भोकंही कान झाकून टाकतो, लयीत वाहणारं चुकीचं विधान फार पटण्यासारखं वाटतं. गळालेले आणि दोनदा पडलेले शब्द पकडायला यंत्राचा आवाज उत्तम. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये मराठी आवाज आहेत, मजकूर तिथे उघडून ऐका. आपण मनाने भरून काढतो तो शब्द यंत्र भरत नाही, 'आणि आणि' असेल तर तसंच म्हणतं. मात्र यंत्राला धाप लागत नाही, त्यामुळे लांब वाक्याची परीक्षा त्याच्याकडून होणार नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दिवसासाठी थोडं. स्टुडिओत नेण्याची प्रत मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये मोकळी जागा ठेवून, कागदाच्या एकाच बाजूला काढा. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नका, पान सरकवताना आवाज तुटतो आणि ऐकूही येतो. टाचणी, स्टेपल काढून टाका. माइकसमोर प, फ, भ यांनी सुरू होणारे शब्द फुटतात, म्हणून मी पहिलं वाक्य अशा शब्दाने सुरू करत नाही. आणि कार्यक्रम अधिकारी काचेपलीकडून एखादा शब्द बदलायला सांगतील किंवा आयत्या वेळी तुमचीच जीभ बदलेल, ते सगळं पेन्सिलीने प्रतीवर लिहून घ्या. घरी आल्यावर त्या दुरुस्त्या संगणकातल्या फाइलमध्ये त्याच दिवशी उतरवा. नंतर एखादं मासिक तोच मजकूर लेखासाठी मागतं, तेव्हा पेन्सिलीची प्रत सापडत नाही.