हिवाळाभर गाडी बाहेर ठेवून भारतात जाताय? या चुका टाळा

डिसेंबर आला की टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागाकडची बरीच मराठी कुटुंबं दोन-तीन महिन्यांसाठी भारतात जातात. गाडी ड्राइव्हवेवर किंवा इमारतीच्या उघड्या पार्किंगमध्ये राहते. ती नीट राहू शकते, पण निघण्याआधीचा एक दिवस तिच्यासाठी काढावा लागतो.

हमखास होणारी चूक म्हणजे मित्राला किल्ली देऊन "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू कर रे" असं सांगणं. मित्र उणे पंधरात इमानेइतबारे येतो आणि नकळत नुकसान करून जातो. थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरीतून जी वीज खर्च होते, ती दहा मिनिटं उभ्या गाडीत भरून येत नाही. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापतही नाहीत. पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं आणि आतून गंज धरतो. मित्र अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणणार असेल आणि विम्यात ते बसत असेल तर उत्तम. नाहीतर गाडीला हात न लावलेलाच बरा.

मग बॅटरीचं काय? पूर्ण चार्ज असलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी तिथल्या थंडीतही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठते, कवच फुगतं, तडकतं. गाडी बंद असतानाही अलार्म आणि रिमोट लॉक थोडी थोडी वीज खातच असतात. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. बऱ्याच जपानी गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. त्यानंतर रिमोट चालणार नाही, तेव्हा रिमोटच्या पोटातली छोटी किल्ली दाराला लागते का, हे आधीच बघून घ्या. जवळ प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी सतत चार्ज ठेवणारा छोटा चार्जर) लावणं सगळ्यात सोयीचं. परतल्यावर बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली दिसली तर जंप-स्टार्ट (दुसऱ्या बॅटरीला जोडून सुरू करणं) अजिबात करू नका, ती फुटू शकते.

हँडब्रेक ओढून जाऊ नका. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ब्रेक गंजतात आणि पॅड डिस्कला चिकटून बसतात. सपाट जागी गाडी 'पी'मध्ये (पार्क गिअरमध्ये) ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. परतल्यावर चाक अडलंच तर ॲक्सिलरेटर दामटू नका; हलकेच मागे-पुढे करून पाहा, नाही सुटलं तर मेकॅनिकला बोलवा.

निळी प्लास्टिकची ताडपत्री तर नकोच. खाली ओल कोंडते, आणि वाऱ्याने फडफडत ती रंग घासून काढते. हवा खेळणारं कव्हर घ्या किंवा गाडी उघडीच ठेवा. त्याआधी खालची बाजू धुऊन मीठ काढा, टाकी भरा, काच धुण्याचं पाणी हिवाळी, न गोठणारं आहे ना बघा.

गाडीत बिस्किटाचा चुराही ठेवू नका. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरी कुरतडतात. परतल्यावर इंजिन सुरू करण्याआधी तो डबा उघडून बघा.

विमा पूर्ण रद्द करू नका. उभ्या गाडीचीही चोरी होते, आग लागते. रस्त्याकडेला गाडी ठेवायचा विचारही नको, बर्फ काढताना मॉन्ट्रियलसारख्या शहरांत ती उचलून नेतात.

टायरमध्ये जाण्याआधी पुरेशी हवा भरा, थंडीत ती उतरते. परतल्यावर सुरुवातीला चाकं धडधडली तर घाबरू नका, टायर तापले की बहुधा थांबतं. वीस-पंचवीस किलोमीटरनंतरही थांबलं नाही तर टायरवाल्याला दाखवा.