बायबल आणि पवित्र परंपरा: आपण कॅथलिक लोक हमखास करतो त्या चुका टाळा

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सिमेट्रीत मिस्सा (प्रभुभोजनाचा उपासनाविधी) होती, प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या, फुलं, आणि पहिलं वाचन ज्ञानग्रंथातलं, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत ते. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली नववीची एक मुलगी शेजारी उभी राहून मोबाइलच्या बायबल ॲपमध्ये ते पुस्तक शोधत होती, वर खाली, वर खाली, काही सापडेना. मिस्सा संपल्यावर हळूच म्हणाली, "बाई, आज वाचलं ते बायबलमध्ये नाहीच आहे."

असायला हवं होतं, पण तिच्या ॲपमध्ये ६६ पुस्तकं होती आणि कॅथलिक बायबलात ७३ असतात, जुन्या करारात ४६ आणि नव्यात २७. तोबित, युदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ वगैरे सात पुस्तकं प्रोटेस्टंट आवृत्तीत नसतात. म्हणून सगळ्यात आधी हे करा, ॲप किंवा छापील बायबल घेताना अनुक्रमणिका उघडा आणि मक्काबी आहे का बघा, नसेल तर कॅथलिक आवृत्ती घ्या.

पण तिचा प्रॉब्लेम ॲपपुरता नव्हता. कुठली पुस्तकं बायबलात आणि कुठली नाहीत हे ठरवलं कोणी? ती यादी बायबलच्या कुठल्याच पानावर नाहीये. नव्या कराराची आपली २७ पुस्तकं तंतोतंत पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात, मग ३९३ ला हिप्पो आणि ३९७ ला कार्थेजच्या धर्मसभेत पूर्ण यादी आली. म्हणजे प्रेषितांनंतर तीनशे वर्षं लोक मिस्सेत काय वाचत होते, कोणतं लिखाण प्रेषितांचं म्हणून जपत होते, त्यावरून ते ठरलं. ही जपणूक म्हणजेच परंपरा. "आम्ही फक्त बायबल मानतो, परंपरा नाही" असं कोणी म्हटलं की मी त्यांच्याशी वचनांची लढाई करत बसत नाही, फक्त विचारते, तुमच्या हातातल्या पुस्तकाची अनुक्रमणिका कुठून आली? शांतपणे विचारायचं, जिंकायला नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपल्या भाषेमुळेच होते. मराठीत परंपरा म्हटलं की चालीरीती डोळ्यासमोर येतात. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात, ऑक्टोबरात आगेऱ्याला नव्या भाताची लोंबी वेदीपाशी नेतात, बांद्र्याला सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते, हे सगळं मला जिवापाड प्रिय आहे पण ही पवित्र परंपरा नाहीये, या आपल्या प्रथा आहेत. त्या बदलू शकतात, बंदही पडू शकतात. लॅटिनमधली मिस्सा १९६० च्या दशकात मराठीत आली, विश्वास तोच राहिला. फादर लोकांनी लग्न न करणं हासुद्धा लॅटिन चर्चचा, म्हणजे आपल्या रोमन विधीच्या चर्चचा, शिस्तीचा नियम आहे, युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये लग्न झालेले पुरुष धर्मगुरू होतात आणि ते आपल्याइतकेच कॅथलिक आहेत.

त्यापेक्षा गुरुपरंपरा हा शब्द आठवा, मला तो खूप जवळचा वाटतो. बंदिश वहीत लिहिलेली असते, सूर-ताल सगळं, पण ती गायची कशी हे गुरूंसमोर बसून, त्यांनी त्यांच्या गुरूंकडून घेतलेलं आपण घेऊन कळतं. वही खोटी नसते आणि गुरूही वहीच्या विरोधात गात नाहीत. संत पौल करिंथच्या लोकांना प्रभुभोजनाबद्दल लिहितो तेव्हा हेच म्हणतो, जे मला मिळालं ते मी तुमच्या हाती दिलं.

"पण येशूनेच परंपरेला नावं ठेवलीत ना, मार्क ७ वाचा!" हे ऐकून आपली मुलं गडबडतात. मार्क ७:८ मध्ये येशू माणसांनी केलेल्या, देवाची आज्ञा बाजूला सारणाऱ्या रूढींबद्दल बोलतो. आणि तिथला परंपरेसाठीचा तोच ग्रीक शब्द, पारादोसिस, पौल थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात २:१५ ला वापरतो, तिथं तर तो म्हणतो तोंडी किंवा पत्राने जे शिकवलं ते घट्ट धरून राहा. दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचा, एकच काढून दाखवू नका.

आणखी एक गैरसमज आपल्याच लोकांत, की अर्धं सत्य बायबलमध्ये आणि उरलेलं कुठल्यातरी गुप्त पेटीत. ट्रेंटच्या धर्मसभेत १५४६ ला मसुद्यात "अंशतः ग्रंथात, अंशतः अलिखित परंपरेत" असं होतं, ते शेवटी काढून साधं "आणि" घातलं. द्वितीय व्हॅटिकन सभेचा देई व्हर्बुम हा दस्तऐवज १८ नोव्हेंबर १९६५ ला आला, २,३४४ मतं बाजूने आणि फक्त ६ विरोधात. त्यात म्हटलंय की बायबल आणि परंपरा दोन्ही एकाच झऱ्यातून वाहतात, आणि शिकवणारा अधिकार, म्हणजे पोप आणि बिशप, देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे. म्हणून "पोपना वाटलं की नवीन श्रद्धा काढतात" हेही चूक. पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाची, म्हणजे तिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं या श्रद्धेची, घोषणा १९५० ला झाली पण त्याआधी १९४६ ला पोप पायस बारावे यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं होतं की तुमचे लोक हे मानतात का, आणि तो सण तर कित्येक शतकं आधीपासून साजरा होत होता.

उलटी चूकही तितकीच वाईट, परंपरा आहे ना मग बायबल कशाला वाचा. संत जेरोमचं म्हणणं देई व्हर्बुममध्येच दिलंय, शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. कितीतरी घरांत बायबल वेदीवर धूळ खात असतं हे बघून मला खरंच वाईट वाटतं. रोज दहा मिनिटं वाचा, त्या दिवसाच्या मिस्सेचं वाचन घ्या, अडलं तर फादरना किंवा धर्मशिक्षणाच्या बाईंना विचारा, इथियोपियाच्या अधिकाऱ्याने फिलिपला विचारलं तसं, कोणी समजावल्याशिवाय मला कसं कळणार?

ती मुलगी पुढच्या रविवारी आजीचं जुनं मराठी बायबल घेऊन आली, ७३ पुस्तकांचं. दुसऱ्या मक्काबीच्या १२ व्या अध्यायात, जिथं मेलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी यरुशलेमला अर्पण पाठवतो, तिथं आजीच्या हातची पेन्सिलची खूण होती आणि बाजूला आजोबा गेले ती तारीख.