चार अक्षरी भूगोल: प्रश्न काढायचे कसे

भाचरं जमली की 'आत्या, आज चार अक्षरी काढ' अशी फर्माईश होते. देश, राजधानी, नदी, सरोवर, काहीही विचारा, पण उत्तर ठरलेल्या अक्षरांचंच हवं. खेळणाऱ्याला मजा, प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्याला खुराक. माझी पद्धत सांगते. तिच्यातलं बरंचसं मी फजितीतूनच शिकले आहे.

मोजणीचा नियम आधीच पक्का करा, नाहीतर अर्धा वेळ भांडणात जातो. शब्दकोड्याच्या एका चौकटीत बसतं ते एक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्याच चौकटीत, आणि जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी एकच. ऑस्ट्रेलिया म्हणजे ऑ-स्ट्रे-लि-या, चार. फ्रान्स लिहा नाहीतर फ्रांस, दोनच. पण हेलसिंकी चार आणि हेल्सिंकी तीन! असं दोन तऱ्हांनी लिहिलं जाणारं नाव मी सरळ गाळते. तुर्कस्तानच्या तर वाटेलाच जात नाही. तुर्कस्तान चार, तुर्की दोन, आणि २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांत तुर्किये झालंय ते तीन.

आता मुख्य गोष्ट. प्रश्न आधी सुचवत बसू नका, उत्तरं आधी गोळा करा. ॲटलासच्या मागची सूची उघडायची आणि वहीत दोन, तीन, चार, पाच अक्षरांची वेगवेगळी पानं करायची. दोनच्या पानावर पेरू, चिली, माली, चाड, टोगो, फिजी, लिमा, ओस्लो भराभर येतात. तीनच्या पानावर तर झुंबड उडते: नेपाळ, जपान, कतार, इराण, इराक, ओमान, येमेन, केनिया. एवढ्या गर्दीत 'तीन अक्षरी' म्हणून सांगितल्याचा खेळणाऱ्याला काही उपयोग होत नाही. पाचची नावं त्या मानाने कमी, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून ओळखता येतात. म्हणून माझा जीव चारवर.

उत्तर हाती आलं की प्रश्न लिहायचा आणि मग त्याच्यावर संशय घ्यायचा: याच अक्षरसंख्येचं दुसरं उत्तर निघतं का? एकदा मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, 'डॅन्यूबकाठची राजधानी, चार अक्षरी.' माझ्या मनात बुडापेस्ट. धाकट्याने बोटं मोजत बेलग्रेड लिहिलं, मोठीने ब्रातिस्लावा. तिन्ही बरोबर! 'पहिलं अक्षर तरी सांग,' म्हणाली, तर तेही तिघांचं ब. डॅन्यूबवर चार राजधान्या आहेत, त्यांतली एकटी व्हिएन्ना तीन अक्षरी. मुकाट्याने सगळ्यांना गुण दिले. आता तेच प्रश्न मी असे विचारते: १८७३ साली नदीच्या दोन्ही काठांवरची शहरं जोडून झालेली राजधानी, म्हणजे बुडापेस्ट. सावा नदी डॅन्यूबला मिळते तिथली, बेलग्रेड. ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन्ही देशांच्या सीमेला टेकलेली, ब्रातिस्लावा.

याच्या बरोबर उलटं उदाहरण मला फार आवडतं. 'एकाच देशाने चहूबाजूंनी वेढलेला देश कोणता?' असे देश जगात तीनच. तीन अक्षरी म्हणालात तर लेसोथो, दक्षिण आफ्रिकेच्या पोटात. चार अक्षरी व्हॅटिकन आणि पाच अक्षरी सॅन मारिनो, दोन्ही इटलीच्या. प्रश्न एकच, आकडा बदलला की उत्तर बदलतं. (व्हॅटिकनपुढे 'सिटी' लावू द्यायचं नाही, हे आधी सांगून ठेवा.)

राजधान्यांच्या बाबतीत आकडा कधी मदत करतो, कधी फसवतो. ऑस्ट्रेलियाची राजधानी म्हटल्यावर हात सिडनीकडे जातो, पण सिडनी तीन अक्षरी, म्हणून मूल थबकतं आणि कॅनबेरा आठवतं. मेलबर्न मात्र चारच भरतं, तेव्हा सावध! कॅनडाला तर आकड्याचा आधारच नाही, कारण ओटावा तीन आणि टोरांटोही तीन. मला असे प्रश्न मुद्दाम घालायला आवडतात.

जुना ॲटलास वापरत असाल तर एक खबरदारी घ्या. कझाकस्तानची राजधानी १९९७ मध्ये अल्माटीहून हलली. आज ती अस्ताना आहे, मधली २०१९ ते २०२२ ही वर्षं तिचं नाव नूरसुलतान होतं. नूरसुलतान सहा अक्षरी, म्हणून लगेच पकडलं जातं. पण अल्माटीही तीन आणि अस्तानाही तीन, त्यामुळे जुन्या नकाशाची चूक आकडा पकडून देत नाही. स्वाझीलँडचं २०१८ मध्ये इस्वातिनी झालं, तिथे मात्र दोन्ही नावं चार अक्षरी असूनही गोंधळ होत नाही, देश तोच.

माझ्या वहीतले हे तीन घ्या, लगेच खेळता येतील. दक्षिण अमेरिकेतला डच ही राजभाषा असलेला देश? सुरिनाम. पेरू आणि बोलिव्हियात वाटलेलं, सुमारे ३,८०० मीटर उंचीवरचं सरोवर? टिटिकाका. एकही देश नसलेला खंड? अंटार्क्टिका. यातलं 'र्क्टि' एकच अक्षर कसं, यावर धाकटा अजून माझ्याशी वाद घालतो.