नागपूरहून पुण्याला सामान हलवताय? आधी व्हिडिओ काढा

पॅकर्स-मूव्हर्सना (सामान हलवणाऱ्या कंपन्यांना) फोनवर नुसतं "२ बीएचके आहे" सांगितलं की रेट कमी येतो आणि ट्रक भरताना "हे कपाट तर धरलंच नव्हतं" सुरू होतं. मागच्या वेळी आमचं हेच झालं, म्हणून यंदा असं केलं:

१. घरभर फिरून एकच व्हिडिओ काढला, माळा, कुंड्या, दिवाणाच्या पोटातलं सामान, सगळं उघडून दाखवलं.
२. तोच तीन पॅकर्स-मूव्हर्सना व्हॉट्सॲप केला आणि पॅकिंग, टोल, जीएसटी, दोन्हीकडचे मजले धरून एकच आकडा लेखी मागितला.
३. मग जुना सोफा वगळून परत रेट विचारला. इथेच विकलेला परवडला (बायकोला अजून पटलेलं नाही).

बाइक रेल्वे पार्सलने टाकणार असाल तर टाकी रिकामी लागते, आदल्या दिवशी फुल करू नका.