वृद्धाश्रमातलं दिवसभराचं बसणं: या चुका टाळा

सकाळी प्रार्थना, मग अर्धा तास योगासनं, आणि नाश्त्यानंतर संध्याकाळपर्यंत खुर्ची नाहीतर खाट. बऱ्याच वृद्धाश्रमांचा दिवस असा जातो, आणि वहीत ‘व्यायाम झाला’ म्हणून खूण असते. पहिली चूक इथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्ये ज्येष्ठांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान 3 दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. बसून राहणं कमी करा, ही सूचना वेगळी दिली आहे. ऐंशी ओलांडलेल्या आजींना 150 मिनिटं कदाचित झेपणार नाहीत. तासाभराने उठून खिडकीपर्यंत जाणं झेपेल, तेवढ्यापासून सुरू करा.

दुसरी चूक मायेपोटी होते. “आजी, तुम्ही बसा, मी देते.” चहा खाटेवर, पाणी हातात, कपड्यांच्या घड्याही मावशीच घालणार. यात मावशींना बोल लावण्यात अर्थ नाही. एकटीकडे पंधरा जण असले की हात धरून चालवण्यापेक्षा ताट खोलीत नेऊन देणंच लवकर उरकतं. म्हणून वेळापत्रक बदला. ज्यांना चालता येतं त्यांचा चहा जेवणाच्या खोलीतच द्या, गोळ्याही तिथेच. चार-पाच वेळा उठणं आपोआप होतं.

मेथी निवडणं, वाती वळणं यात मन रमतं, पण ही कामं बसूनच होतात. ती व्यायामात धरू नका. जुडी आणायला आणि निवडलेली भाजी पोचवायला त्यांनाच पाठवा.

“कुणी उठायलाच तयार नसतं” ही तक्रार असेल, तर आधी खुर्ची बघा. खोल सोफा आणि बिनहातांची प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही वाईट. बैठक गुडघ्यांच्या किंचित वर हवी, पावलं जमिनीला पूर्ण टेकायला हवीत, खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात हवेत. उठताना आधी बैठकीच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, पुढे वाकायचं आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं. दंडाला धरून वर ओढू नका. खांदा दुखावतो आणि मांड्यांना काम उरत नाही. उठताना घाई करू नका, “चला चला” तर नकोच.

पडतील म्हणून बसवून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. न वापरलेले पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. मात्र उठल्यावर चक्कर येत असेल तर झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना कळवा. कारण कित्येकदा रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा झोपेच्या गोळीत असतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तोवर खाटेच्या कडेला बसून पावलं वर-खाली हलवायची आणि मिनिटभराने उभं राहायचं.

संडासाचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. वाट लांब, फरशी ओली, धरायला दांडा नाही. मग आजोबा पाणीच कमी पितात आणि जागचे हलत नाहीत. फरशी पुसायची वेळ सगळ्यांच्या नाश्त्याच्या वेळी ठेवा, दांडा बसवून घ्या, सपाता सोडून मागे पट्टा असलेली चप्पल द्या.

आणि सुधारणा डोळ्यांनी जोखू नका. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्यायला सांगा, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहा. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आकडा अचानक घसरला तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. ताप, लघवीचा संसर्ग, नवी गोळी, गुडघ्याची सूज, खिन्नपणा, हे एकेक करून तपासा.