शाळेच्या फळ्यावर १४ ऑगस्टचा क्रीडा दिनविशेष कसा लिहावा

शाळेच्या दर्शनी फळ्यावर सुविचाराशेजारी दिनविशेषासाठी हातभर जागा असते. मोबाइलवर आलेली यादी तिथे जशीच्या तशी उतरते आणि मधल्या सुट्टीत कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जरा मेहनत घेतली तर मुले थांबून वाचतात. उदाहरणाला १४ ऑगस्ट घेऊ.

आधी कच्च्या वहीत तीन रकाने आखा: जन्म, स्मृतिदिन, घटना. जन्माच्या रकान्यात बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन (१९५९), स्मृतिदिनात कुस्तीगीर खाशाबा जाधव (१९८४, अपघाती मृत्यू). घटना दोन, ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन यांचा शेवटचा कसोटी डाव (१९४८) आणि सचिन तेंडुलकरचे पहिले कसोटी शतक (१९९०).

मग तारखा तपासा. कसोटी पाच दिवस चालते, त्यामुळे सामना सुरू झाल्याची तारीखच अनेकदा चुकून घटनेची म्हणून लिहिली जाते. सचिनच्या शतकाची मँचेस्टरची कसोटी ९ ऑगस्टला सुरू झाली, मध्ये एक दिवस विश्रांतीचा होता. सचिनच्या नाबाद ११९ धावा शेवटच्या दिवशीच्या, म्हणजे १४ तारखेच्या. त्याची जन्मतारीख २४ एप्रिल १९७३. शतकाच्या दिवशी त्याचे वय किती, ही वजाबाकी मुलांनाच करू द्या, उत्तर १७ वर्षे ११२ दिवस यायला हवे.

‘पहिला’ हा शब्द दिसला की खडू खाली ठेवा. ‘खाशाबा, भारताचे पहिले ऑलिंपिक पदकविजेते’ हे वाक्य सर्रास दिसते आणि ते चूक आहे. हॉकीची सुवर्णपदके १९२८ पासूनची, आणि १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमधली नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदके भारताच्या नावावर मांडली जातात. खाशाबांचे १९५२ चे हेलसिंकीचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. दोन शब्द वाढले तरी चालतील, ते गाळू नका.

आता एका आकड्याचे, ब्रॅडमन यांच्या सरासरीचे, गणित सोडवून दाखवा. माझ्या मते १४ ऑगस्टची खरी गंमत इथेच आहे. १९४८ च्या त्या कसोटीत लंडनच्या ओव्हल मैदानावर पहिल्याच दिवशी इंग्लंडचा डाव ५२ धावांत आटोपला. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज लिंडवॉलने २० धावांत ६ बळी घेतले. संध्याकाळी ब्रॅडमन मैदानात उतरले तेव्हा त्यांची सरासरी शंभराच्या वर होती. इंग्लंडचा गोलंदाज एरिक हॉलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला, भोपळाही फुटला नाही. कारकिर्दीत ८० डाव, त्यांतले १० नाबाद, म्हणून एकूण धावांना भागायचे ७० ने. ६९९६ भागिले ७० म्हणजे ९९.९४. शंभराच्या सरासरीला आणखी चारच धावा हव्या होत्या! पण ऑस्ट्रेलियाने डावाने विजय मिळवला आणि त्यांना पुन्हा फलंदाजी करावीच लागली नाही. सहावीच्या वर्गाला हे उदाहरण फळ्यावरच घालता येते.

शेवटी निवड. चारही नोंदी कोंबू नका. शाळेचा बास्केटबॉल संघ नसेल तर जॉन्सन वगळा. सगळ्यात वर मी खाशाबांना ठेवीन. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान आपल्या मुलांना ब्रॅडमनइतका ठाऊक नसतो.

एक व्यवहाराची गोष्ट: १४ तारखेला सकाळपासूनच फळा स्वातंत्र्यदिनाच्या सजावटीसाठी मागितला जातो. म्हणून १३ च्या संध्याकाळी लिहून ठेवा, आणि कडेला ‘पुसू नये’ हेही.